बाळाचा कान आणि जातीचा पहारा

बारशाला आत्या पाळण्यावर वाकते आणि बाळाच्या कानात नाव सांगते. बारा दिवसांच्या त्या जिवाला नावातले काय कळते? काहीच नाही. तरीही सगळी भावकी जमते, घुगऱ्या वाटल्या जातात, आणि आत्याने कानात सांगितल्याशिवाय नाव ठेवले असे कुणी मानत नाही. आजकाल आपल्या घरी त्रिसरण-पंचशील होते, बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या प्रतिमेला वंदन होते, पण आत्या मात्र आहे तिथेच आहे. कानाचा मान तिने सोडलेला नाही.

हे आधी सांगितले, कारण आमच्या वस्तीतल्या वाचनालयातून आम्ही तरुण आईबापांना एक गोष्ट सांगत असतो: बाळ मान धरायच्या आधीपासून त्याला मांडीवर घ्या आणि मोठ्याने वाचून दाखवा. त्यावर आमचेच कार्यकर्ते हसतात. एक म्हणाला, "त्याला काय कळतंय? हे शहरातल्या इंग्रजी शाळावाल्यांचे चोचले आहेत. आपल्यापुढे शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे, अॅट्रॉसिटीच्या केसेस आहेत, आणि तुम्ही बाळाला गोष्टी वाचत बसा!" प्रश्न रोखठोक आहे, म्हणून उत्तरही रोखठोक देतो. बाळाला वाचून दाखवणे हा चोचला नाही. ज्या समाजाच्या कानावर हजारो वर्षे पहारा होता, त्या समाजाचा तो ताबा घेण्याचा हक्क आहे.

पहारा म्हणतो तो कोणता, ते बघा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव कसे ठेवावे याचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धन दाखवणारे, आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे ऐकताच किळस यावी असे. माणूस पाळण्यात आहे, अजून डोळेही नीट स्थिर झालेले नाहीत, आणि त्याच्या कानात पहिला शब्द कोणता पडावा हे धर्मशास्त्राने ठरवून टाकले. (दगडू, धोंडू, कचरू ही नावे इतर जातींतही, लेकरू जगावे म्हणून ठेवत असत, हे आम्हाला माहीत आहे. पण एकाने नवसासाठी ठेवणे आणि दुसऱ्यावर शास्त्राने लादणे यांत फरक आहे.) चौथ्या अध्यायात सांगितले की शूद्र जवळपास असेल तर वेद म्हणू नये. गौतम धर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायात तर शिक्षाच आहे: शूद्राने मुद्दाम वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेला धातू आणि लाख ओतावी. तो धातू शिसे की कथील यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. ज्याचा कान जळायचा त्याला काय फरक पडणार होता? ज्यांना अद्वैताचे शिखर म्हणतात त्या शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात, शूद्राला वेदाचा अधिकार का नाही हे सांगताना, याच वचनाचा आधार घेतला आहे. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात असली वचने एकेक करून लोकांपुढे मांडली.

यावर एक ठरलेला प्रश्न येतो: खरोखर कुणाच्या कानात ओतले होते का, पुरावा दाखवा. आमचे म्हणणे असे की नियम कशासाठी केला ते आधी पाहा. ज्या काळात विद्या लिहून नव्हे तर म्हणून आणि ऐकून दिली जात होती, त्या काळात कान हीच शाळा होती. कान बंद करणे म्हणजे शाळेला कुलूप लावणे. आणि ते कुलूप विसाव्या शतकातही निघाले नव्हते. बाबासाहेबांना मुंबईत हायस्कूलमध्ये संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. धातू वितळवायची गरजच उरली नव्हती, नुसते 'नाही' म्हटले की काम होत होते.

आता आपल्याकडच्या मोठ्याने वाचण्याच्या इतिहासाकडे येऊ. हा इतिहास उलटा आहे. पांढरपेशा घरात आजी-आई पोथी वाचायची आणि लेकरू ऐकायचे. आपल्या घरात लेकरू वाचायचे आणि आई-आजी ऐकायची. १९६१ च्या जनगणनेत देशातल्या अनुसूचित जातींत साक्षरता होती १०.२७ टक्के, आणि स्त्रियांमध्ये ३.२९ टक्के. शंभर आयांपैकी तीन. त्या आईने बाळाला काय वाचून दाखवायचे? तिने ओवी गायली, पाळणा गायला, जात्यावर बसून बाबासाहेबांवर गाणी रचली. तो ठेवा मोठा आहे आणि त्यावर वेगळे लिहायला हवे. पण छापलेला कागद हातात धरून वाचण्याचे काम घरातल्या सात-आठ वर्षांच्या शाळकरी पोराकडे होते. मनीऑर्डरच्या फॉर्मवरच्या दोन ओळी, मुंबईच्या गिरणीतून आलेले बापाचे पत्र, सावकाराची पावती, सगळे त्याच्याच तोंडून. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९३० ला 'जनता'. हे अंक ज्यांच्यासाठी होते त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. मग ते पोचले कसे? एकाने वाचायचे आणि भोवती बसलेल्यांनी ऐकायचे. बाया ऐकायला बसत तेव्हा तान्ही पोरे काय घरी ठेवून येत होत्या? ती मांडीवरच होती. अग्रलेखाचा आवाज त्यांच्या कानावरून जात होता.

खुद्द बाबासाहेबांच्या घरातले उदाहरण आहे आणि ते त्यांनीच लिहून ठेवले आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली त्यांनी एक प्रस्तावना लिहिली होती, जी ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. तिच्यात ते सांगतात की वडील कबीरपंथी, शिस्तीचे कडक. रोज रात्री झोपण्याआधी भीमराव आणि त्यांचे थोरले बंधू यांना रामायण-महाभारतातला काही भाग मोठ्याने वाचावा लागे. ऐकायला बहिणी असत आणि कथा ऐकायला जमलेली आजूबाजूची माणसे असत. हे एक-दोन दिवस नाही, कित्येक वर्षे चालले.

या चित्रापाशी जरा थांबा. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले. लष्करामुळे या घरात अक्षर आले होते. एका अस्पृश्याच्या घरी, दिव्याच्या उजेडात, दोन पोरे मोठ्याने वाचताहेत आणि अडाणी शेजारी माना डोलावताहेत. गौतम धर्मसूत्राने जे कान बंद ठेवायला सांगितले होते, ते इथे रोज रात्री उघडत होते. वेद नव्हते, मान्य. पण वाचणारा तोच होता ज्याने वाचू नये, आणि ऐकणारे तेच होते ज्यांनी ऐकू नये. पुढे ज्या माणसाचे भाषण ऐकायला लाखो लोक चालत येणार होते, त्याच्या आवाजाची तालीम या घरातल्या बाया-माणसांपुढे झाली असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि जे भक्तिभावाने रामजीबाबांचे गोडवे गातात ते नेमके पुढचे विसरतात. काय वाचायचे, हा प्रश्न त्याच घरात उभा राहिला. बाबासाहेब लिहितात की इंग्रजी चौथी पास झाल्यावर वस्तीतल्या लोकांनी सत्कार ठेवला, तेव्हा दादा केळुस्करांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. (चरित्रकार हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकचा सांगतात. आम्ही बाबासाहेबांनी स्वतः लिहिले ते धरतो.) ते पुस्तक वाचून मुलाने बापाला विचारले: ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी आहे ते आम्हाला का वाचायला लावता? बुद्धाचे वाङ्मय का नाही दिले? बापाला प्रश्न आवडला नाही, असले मूर्ख प्रश्न विचारू नका म्हणून त्याने गप्प केले. दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगितले की आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येईल. द्रोण, कर्ण, वाल्मिकी लहान कुळातून किती वर गेले ते तुम्हाला कळावे म्हणून. मुलाला हे उत्तर पटले नाही आणि पटले नाही असे त्याने सांगितले. महाभारतातल्या एकाही पात्राबद्दल त्याला आदर वाटला नाही.

म्हणजे मोठ्याने वाचण्याची सवय बापाने दिली, आणि त्याच सवयीने मुलाला बापाच्या ग्रंथांची झाडाझडती घेता आली. एखादी गोष्ट शंभर वेळा मोठ्याने वाचली की तिच्यातले खोटे दातांखाली खड्यासारखे लागते. वाचून दाखवणे म्हणजे पाठांतर नव्हे, ते यासाठी. मंत्राला प्रश्न विचारता येत नाही. गोष्टीला विचारता येतो.

एक खटकणारी बाब मात्र झाकायची नाही. त्या घरात वाचायचे ते भाऊ आणि ऐकायच्या त्या बहिणी. मुलींच्या तोंडी पुस्तक द्यायला वेगळीच लढाई लागली. ती पुण्यात १८४८ पासून सुरू झाली होती. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचे पुस्तक कोणते, आम्ही धर्मपुस्तकाविना आहोत, हा तिचा सवाल सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच निबंधातली दुसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसते, थंडी-वारा-पावसात त्यांचे काय होत असेल, असे ती लिहिते. चौदा वर्षांच्या आसपासची पोर एकाच निबंधात पुस्तकावरचा हक्क आणि बाळंतिणीवरचे छप्पर असे दोन्ही मागते. आमच्या कार्यकर्ता मित्राने 'आधी मोठे प्रश्न, मग बाळ' अशी जी रांग लावली, ती मुक्ताने लावलेली नाही.

१८५५ सालीच, सातासमुद्रापार, अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस या एकेकाळच्या गुलामाचे दुसरे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. लहानपणी बाल्टिमोरमध्ये त्याची मालकीण, नवरा घरी नसताना, बायबल मोठ्याने वाचायची. ते कानावर पडून पडून आपल्या मनात वाचनाचे कुतूहल जागे झाले, असे तो सांगतो. त्याने तिलाच शिकवायची विनंती केली आणि तिने मुळाक्षरे शिकवलीही. नवऱ्याला कळताच त्याने बंद केले: गुलाम शिकला तर बिघडतो. डग्लसला त्याच क्षणी कळले की सुटकेचा रस्ता कोणता. बघा, तिथेही सुरुवात डोळ्यापासून नाही, कानापासून झाली. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केली, ती उगीच नाही.

आपल्याकडे कान आधी आणि अक्षर नंतर, याची सगळ्यात मोठी साक्ष वामनदादा कर्डक. ऐन तारुण्यात, मुंबईत असताना, एकाने त्यांच्यापुढे पत्र धरले आणि वाचून दाखवायला सांगितले. दादांना वाचता येत नव्हते. ती शरम घेऊन ते मुळाक्षरे शिकले, आणि मग या माणसाने गावोगाव जे गायले त्यावर दोन पिढ्या वाढल्या. फलटणच्या बेबीताई कांबळे घ्या. किराणा दुकानात पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या चोरून वाचायच्या, आणि घरच्यांपासून लपवून लिहायच्या. 'जिणं आमुचं' त्यातून आले. ज्या समाजात बाईने वाचणे लपवावे लागत होते, त्या समाजात आज एखादी पंचविशीची आई बाळाला मांडीवर घेऊन, दार उघडे ठेवून, मोठ्याने वाचू शकते. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींच्या स्त्रियांची साक्षरता ५६.४६ टक्के होती. तीनवरून छप्पन्न. ही पन्नास वर्षांची कमाई आपण मोबाईलच्या हवाली करणार का?

आता विज्ञान. १९८६ साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि स्पेन्स या दोन संशोधकांनी गरोदर बायांना शेवटच्या सहा आठवड्यांत एकच गोष्ट रोज मोठ्याने वाचायला सांगितली. जन्मानंतर बाळांना चोखणीच्या तालावर ती गोष्ट किंवा दुसरी गोष्ट ऐकता येईल अशी सोय केली. बाळांनी ओळखीची गोष्ट निवडली, अगदी दुसऱ्या बाईच्या आवाजात असली तरी. म्हणजे पोटातल्या बाळाला शब्दांचा अर्थ नाही, पण लय लक्षात राहते. हा प्रयोग गर्भसंस्काराचे दुकानदार हल्ली छातीठोकपणे सांगतात आणि लगेच अभिमन्यूवर येतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे की वाचलेल्या मजकुरांत श्लोक नव्हते. टोपी घातलेल्या एका खोडकर मांजराची गोष्ट होती. आणि त्या प्रयोगातून बाळ गोरे, उंच, बुद्धिमान, 'उत्तम संतती' होते असे कुठेही सिद्ध झालेले नाही. ज्या परंपरेने आपल्या कानात धातू ओतायला सांगितला, तिचेच मंत्र पाच-पाच हजार रुपये भरून आपल्याच शिकल्यासवरल्या मुली पोटावर हेडफोन लावून ऐकवतात, हे बघून संताप येतो. संतापापेक्षा लाज जास्त वाटते, कारण त्यांना दुसरे काही द्यायला आम्ही कमी पडलो.

दुसऱ्या टोकाचा धोकाही सांगायला हवा. १९९५ साली हार्ट आणि रिस्ले यांचे पुस्तक आले. गरिबांची मुले वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत श्रीमंतांच्या मुलांपेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतात, असा त्याचा गाजावाजा झाला. पाहिली होती एकूण ४२ कुटुंबे. त्यांतली सरकारी मदतीवर जगणारी सहा, आणि ती सहाही काळी. एवढ्यावरून गरीब आई बोलत नाही, तिच्या घरात भाषाच नाही, असा निकाल! २०१९ साली स्पेरी आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजले आणि बाळाच्या आजूबाजूला बोलणारी सगळी माणसे धरली, तेव्हा तसे अंतर सापडले नाही. आपल्या वस्तीत कधी दुपारी येऊन बघा. एका बाळाभोवती आजी, मावशी, शेजारीण, भांडणारे काका, सगळे एकाच वेळी बोलत असतात. शब्दांचा दुष्काळ आपल्याकडे नाही. म्हणून 'तुमच्यात संस्कार नाहीत, आम्ही शिकवतो' अशा सुरात कुणी संस्था आली तर तिला दारातूनच परत पाठवा. आम्ही वाचा म्हणतो ते आपल्या बोलीत खोट आहे म्हणून नाही. पुस्तकातली भाषा वेगळी असते, शाळेत आणि कोर्टात तीच चालते, आणि सवर्णांच्या लेकरांना ती फुकटात घरी मिळते, म्हणून.

पण वाचायला वेळ लागतो आणि वेळ हा पैशासारखाच वाटला गेलेला आहे. ऊसतोडीला गेलेली आई बाळंतपणानंतर महिन्याभरात फडात उभी असते, बाळ कोपीत किंवा बांधावर. तिला 'रोज पंधरा मिनिटे वाचा' म्हणणे ही थट्टा आहे. इथेही बाबासाहेब आपल्या आधी पोचलेले आहेत. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना त्यांनी सांगितले की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. १९२९ साली तो कायदा झाला. हे बोलणारा माणूस कोण होता ते विसरू नका. दोनच वर्षांपूर्वी, १९२६ साली, त्याचा राजरत्न गेला होता. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न, रमाई-भीमरावांची पाचपैकी चार लेकरे गेली. यशवंत तेवढे वाचले. बाळाला वाचून दाखवायचे तर आधी बाळ जगले पाहिजे, हे त्या घराइतके कुणाला कळले असेल? आज २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण ती दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेतल्या बाईला. घरकामवाली, वीटभट्टीवाली, ऊसतोडवाली या हिशेबात प्रत्यक्षात येत नाहीत. बाळाच्या कानाचा लढा म्हणूनच आईच्या रजेचाही लढा आहे, आणि तो करताना आम्हाला शिष्यवृत्तीच्या मोर्च्यातून कुणी उठवून नेलेले नाही.

आमच्या वाचनालयात काय चालते तेही सांगतो. फार काही नाही. दर रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की सतरंजी तशीच ठेवतो. आठ-दहा बाळे येतात, त्यातली दोन-तीन झोपलेली. पुस्तके थोडी आहेत: जातककथांची चित्रपुस्तके, सावित्रीबाईंचे लहान मुलांसाठीचे चरित्र, आणि बाकी वाघ-ससा-पाऊस असली साधी. फक्त महापुरुषांचीच वाचायची असा आग्रह आम्ही सुरुवातीला धरला होता, तो बाळांनीच मोडीत काढला. चरित्र चालू असताना ती रांगत दरवाज्याकडे गेली आणि बेडकाच्या गोष्टीला परत आली. पुस्तके चघळून कोपरे गेले आहेत, त्याला इलाज नाही. १४ एप्रिलच्या वर्गणीतला डीजेचा एक तास कमी केला असता तर दोन कपाटे भरली असती, हे आम्ही मंडळाच्या बैठकीत तीनदा बोललो आणि तीनदा हरलो. यंदा चौथ्यांदा बोलणार आहोत.

बापांना आणणे सगळ्यात अवघड जाते. आईने वाचायचे, बापाने फोटो काढायचा, अशी वाटणी पहिल्या महिन्यात झाली होती. मग ठरवले की रविवारी वाचायला पुरुषच बसतील. ज्या मित्राने 'त्याला काय कळतंय' म्हटले होते, त्याला मार्चमध्ये मुलगी झाली. तो आता येतो. परवा बेडकाची गोष्ट वाचताना त्याने एक पान चुकून उलटले, तेव्हा मागे बसलेल्या त्याच्या आईने, जिला स्वतःला सही करण्यापलीकडे लिहिता येत नाही, लगेच टोकले: "मधलं राहिलं रे. पाऊस यायचाय अजून." त्याने पान मागे घेतले.